विजेच्या दोन गाड्या

श्रोतेहो, बैलांची शर्यत आपण पुष्कळांनी पाहिली असेल. जोडी सुटते, धुरळा उडतो, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निकाल लागलेला असतो. त्या बैलांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण नांगराला बैल घ्यायचा असला म्हणजे जाणता शेतकरी निराळाच प्रश्न विचारतो. तो म्हणतो, "सकाळी कसा पळतो ते राहू द्या, तिसऱ्या प्रहरी कसा चालतो ते सांगा."

आज आपण विजेवर चालणाऱ्या, अतिशय वेगवान आणि अतिशय महाग अशा दोन गाड्यांची तुलना करणार आहोत. एक अमेरिकेतील टेस्ला कंपनीची मॉडेल एस प्लेड आणि दुसरी जर्मनीतील पोर्शे कंपनीची टायकान. कुणी म्हणेल, "अहो, टायकान २०२१ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानात आली तेव्हाच तिची किंमत दीड कोटीच्या पुढे होती. आमचा तिच्याशी काय संबंध?" संबंध आहे. तुमच्या विहिरीवरच्या मोटरीला लागू असलेले नियमच या गाड्यांना लागू आहेत. शिवाय विजेवरची दुचाकी घ्या की पंप घ्या, विकणारा आपल्यापुढे आकडेच ठेवतो. आकडा कसा वाचावा हे या दोन गाड्या फार चांगले शिकवतात.

प्रथम त्यांचे कूळ पाहू. मॉडेल एस ही गाडी २०१२ साली कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या कारखान्यातून बाहेर पडली. निकोला टेस्ला या ज्या शास्त्रज्ञाचे नाव कंपनीने घेतले, त्याने १८८८ साली प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या इंडक्शन मोटरीचे पेटंट मिळविले होते. पहिल्या मॉडेल एसमध्ये थ्री-फेज इंडक्शन मोटरच होती. म्हणजे तुमच्या शेतातील पंप आणि ती गाडी ही एकाच घराण्यातली! पुढे २०२१ साली प्लेड नावाची तीन मोटरींची आवृत्ती निघाली. तिच्या मोटरी कायम चुंबकाच्या आहेत आणि त्यांची एकत्रित शक्ती १०२० अश्वशक्ती आहे. पाच अश्वशक्तीचे दोनशेचार पंप एकदम चालू केल्यासारखेच हे झाले.

टायकान २०१९ च्या सप्टेंबरात जगापुढे आली. ती स्टुटगार्ट शहरातील झुफेनहाउझेन येथे तयार होते. तिच्या नावाचा अर्थ कंपनीने 'उमदे, खेळकर शिंगरू' असा सांगितला होता. पोर्शे घराण्याचा विजेशी संबंध मात्र जुना आहे. फर्डिनंड पोर्शे यांनी तरुणपणी व्हिएन्नाच्या लोनर कंपनीसाठी, चाकांतच मोटरी बसवलेली विजेची गाडी बनवली होती. ती १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. तेव्हा विजेची गाडी ही काही अगदी कालपरवाची कल्पना नव्हे.

आता वेगाकडे येऊ. पेट्रोलच्या इंजिनाला जोर यायला आधी फेरे वाढवावे लागतात. विजेच्या मोटरीचे तसे नाही. ती जागेवरून हलतानाच पूर्ण जोर लावू शकते. म्हणूनच प्लेड गाडी ताशी साठ मैलांचा वेग १.९९ सेकंदांत गाठते, असे कंपनीने जाहीर केले. टायकानच्या त्या वेळच्या सर्वांत जोरकस आवृत्तीला, म्हणजे टर्बो एसला, ताशी शंभर किलोमीटर गाठायला २.८ सेकंद लागत.

झाली की तुलना! अमेरिकेची गाडी जिंकली. पण थांबा. साठ मैल म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटर, शंभर नव्हेत. आणि अमेरिकेतील शर्यतीच्या रिवाजाप्रमाणे त्या १.९९ सेकंदांत पहिल्या एका फुटाचा वेळ धरलेला नाही. एक फूट ते काय, असे वाटेल. पण थांबलेली गाडी सर्वांत सावकाश चालते ती त्या पहिल्या फुटातच. तरीही प्लेड पहिल्या झेपेत पुढे आहे, हे खरेच. फक्त दोन्ही आकडे एका मापाने मोजलेले नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात करून दाखवावे असे एक सोपे गणित येथे आहे. साधारण बावीसशे किलो वजनाची गाडी शंभराच्या वेगाला नेण्यासाठी ऊर्जा किती लागते? गतिज ऊर्जेच्या सूत्रात आकडे घाला. उत्तर येते सुमारे साडेआठ लाख ज्यूल. विजेच्या मीटरवर पाहिले तर हे जेमतेम पाव युनिट! प्लेडच्या बॅटरीत सुमारे शंभर युनिटे मावतात. तेवढ्यावर पाच अश्वशक्तीचा पंप वीस तास तरी चालेल. मग अवघड काय आहे? अवघड आहे ते पाव युनिट दोन-अडीच सेकंदांत ओतणे. ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक तो हाच. घागरभर पाणी दिवसभरात थेंबाथेंबाने सोडणे निराळे आणि एका क्षणात उपडे करणे निराळे.

आणि उपडे करताना उष्णता होते. विजेच्या गाडीचा खरा शत्रू हवा नाही, चढ नाही, उष्णता आहे. मोटर तापली, तर तिची काय गत होते हे ज्याने उन्हाळ्यात मोटर रिवाइंड करून आणली आहे त्याला सांगायला नको. गाडीत मात्र एक शहाणपण असते. बॅटरी किंवा मोटर तापू लागली की गाडी आपली आपण शक्ती कमी करते. मॉडेल एसच्या सुरुवातीच्या गाड्या शर्यतीच्या रस्त्यावर जोरात हाकल्या की थोड्या वेळात अशाच मंदावत. साध्या रस्त्यावर ते कधी जाणवतही नसे.

उष्णतेशी झगडण्याचे दोघांचे मार्ग वेगळे आहेत, आणि हाच या विषयाचा गाभा आहे.

पोर्शेने मुख्य उपाय केला तो व्होल्टेज वाढवण्याचा. टेस्लाची बॅटरी चारशे व्होल्टच्या घरातली, तर टायकानची आठशे व्होल्टच्या घरातली. याने काय होते? तुमच्या गावाला वीज येते ती ११,००० व्होल्टच्या तारेवरून, आणि डीपीपाशी ती ४१५ व्होल्टवर उतरवली जाते. लांबवरून ४१५ व्होल्टनेच का आणत नाहीत? कारण व्होल्टेज कमी, तर तेवढ्याच शक्तीसाठी करंट जास्त, आणि करंट जास्त म्हणजे तार तापणार. समजा, गाडीत २५० किलोवॅट शक्तीने वीज भरायची आहे. चारशे व्होल्टला ६२५ अँपिअर लागतील. आठशे व्होल्टला त्याच्या निम्मे, ३१२ पुरतील. पाच अश्वशक्तीच्या पंपाला एका फेजवर सात-आठ अँपिअर लागतात, यावरून अंदाज करा. करंट निम्मा झाला म्हणजे त्याच तारेत होणारी उष्णता निम्मी नव्हे, चौथाई होते. टायकानने यावर २७० किलोवॅटपर्यंत वीज घेण्याची सोय केली. बॅटरी पाच टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांवर यायला, सर्व काही अनुकूल असेल तर, साडेबावीस मिनिटे लागत. २०२४ च्या सुधारित गाडीत दहा ते ऐंशी टक्क्यांसाठी अठरा मिनिटे पुरतात.

शिवाय टायकानच्या मागच्या आसाला दोन गिअर आहेत. पहिला जागेवरून उसळी घेण्यासाठी, दुसरा लांब पल्ल्याच्या वेगासाठी. टेस्लाने एकच गिअर ठेवला आणि मोटरच मिनिटाला वीस हजार फेऱ्यांपर्यंत फिरेल अशी बनवली. एवढ्या फेऱ्यांत फिरता भाग आपल्याच वेगाने फुटून बाहेर पडू पाहतो, म्हणून त्याला कार्बनच्या धाग्यांचे वेष्टन घट्ट गुंडाळले. एकाने भाग वाढवून प्रश्न सोडवला, दुसऱ्याने भाग कमी करून. दोन्ही विचार आपापल्या परीने उत्तमच.

आपली गाडी दमत नाही हे दाखवण्यासाठी पोर्शेने २०१९ साली एक प्रयोग केला. शून्यापासून ताशी दोनशे किलोमीटरपर्यंतची झेप लागोपाठ सव्वीस वेळा घेतली. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद झेपेत फरक पडला अवघा ०.८ सेकंदाचा. त्याच वर्षी इटलीतील नार्दोच्या वर्तुळाकार रस्त्यावर ही गाडी चोवीस तासांत ३,४२५ किलोमीटर चालली, आणि त्या वेळात वीज भरण्याचे थांबेही आले. उलट प्लेडला सर्वांत मोठी झेप घ्यायची असली, तर आधी काही मिनिटे बॅटरी योग्य तापमानाला आणावी लागते.

मग टेस्ला हरली काय? तसे मुळीच नाही. दोन गोष्टींत ती बरीच पुढे होती. पहिली म्हणजे काटकसर. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत २०२१ च्या प्लेडला एका भरणीत ३९६ मैल, म्हणजे सुमारे ६३७ किलोमीटरचा पल्ला मिळाला. २०२० च्या टायकान टर्बो एसला त्याच चाचणीत १९२ मैल, म्हणजे सुमारे ३०९ किलोमीटर मिळाले. बॅटरीत थोडाच फरक, पण पल्ला निम्मा! दुसरी गोष्ट वीज भरण्याच्या ठाण्यांची. टेस्लाने २०१२ पासूनच स्वतःची ठाणी रस्तोरस्ती उभारली. टायकानच्या आठशे व्होल्टचा फायदा मात्र ठाणेही आठशे व्होल्टचे असेल तरच. पहिल्या टायकानला चारशे व्होल्टच्या ठाण्यावर साध्या सोयीने पन्नासच किलोवॅट मिळत. घरी मोठी मोटर आहे आणि फेज एकच येतो, त्यातलाच हा प्रकार.

ब्रेकचेही पाहा. रात्री सायकलचा डायनॅमो चाकाला लावला की पायडल जड होते. विजेच्या गाडीत ब्रेकच्या वेळी मोटरच डायनॅमो बनते. गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत जाते. टेस्लात पाय उचलला की हे सुरू होते. टायकानमध्ये पाय उचलला तर गाडी मोकळी घरंगळते आणि ब्रेक दाबल्यावर आधी मोटरच तिला आवरते.

जर्मनीत न्यूरबुर्गरिंग नावाचा, डोंगरातून वळणे घेत जाणारा २०.८३२ किलोमीटरचा रस्ता आहे. तेथे या दोघींची जणू कुस्तीच चालली. २०२१ साली प्लेडने तो ७ मिनिटे ३५.५७९ सेकंदांत पार केला. २०२२ साली टायकान टर्बो एसने ७ मिनिटे ३३.३५ सेकंद वेळ दिली. मग प्लेडला चिनीमातीच्या जातीचे, उष्णता सोसणारे ब्रेक आणि खास टायर बसवण्यात आले आणि २०२३ साली ती ७ मिनिटे २५.२३१ सेकंदांत आली. म्हणजे पहिल्या वेळेहून दहा सेकंदांची बचत झाली, ती उष्णता आवरणाऱ्या ब्रेकची सोय आणि टायर सुधारल्यावर. पुढे टायकान टर्बो जीटीची ७ मिनिटे ७.५५ सेकंदांची वेळ २०२४ च्या आरंभी जाहीर झाली. मात्र त्या गाडीच्या सामानात एक गंमत आहे : वजन वाचवण्यासाठी मागची बैठकच काढून टाकलेली आहे. चार दारे आहेत, पण मुलाबाळांना बसायला जागा नाही! विक्रम खरा, पण त्याची किंमत कुठे मोजली तेही पाहिले पाहिजे.

तेव्हा श्रोतेहो, निकाल काय? एकाच झेपेत सर्वांवर मात करायची आणि एका भरणीत दूर जायचे, तर प्लेड. तीच झेप पुन्हा पुन्हा घ्यायची आणि लवकर वीज भरून पुन्हा निघायचे, तर टायकान. 'कोणती चांगली' या प्रश्नाला 'कशासाठी' हे जोडल्याशिवाय उत्तर नाही.

या गाड्या आपल्या दारात यायच्या नाहीत. पण विजेची वाहने आपल्याकडे आलीच आहेत. १ जून २०२२ रोजी एस.टी.ची विजेवरची 'शिवाई' गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली, एस.टी.ची पहिली गाडी १९४८ साली धावली तोच हा मार्ग. आता गावोगाव विजेच्या दुचाकी दिसतात, आणि पुष्कळदा त्या कर्ज काढून घेतलेल्या असतात. विकणारा म्हणेल, "एवढा वेग, एवढा पल्ला." त्याला शांतपणे तीन प्रश्न विचारा. हा आकडा किती वेळ टिकतो? लागोपाठ किती वेळा मिळतो? आणि कोणत्या अटींवर मोजला आहे : एक माणूस बसवून की दोन, सपाट रस्त्यावर की चढावर, थंडीत की वैशाखाच्या उन्हात?

उत्तर देताना तो अडखळला तर घाई करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, दोन माणसे बसवून गावचा चढ चढून पाहा, मग पैसे मोजा. आपले आजे बैल घेताना तिसऱ्या प्रहराची चौकशी करीत, तेव्हा त्यांना भौतिकशास्त्र ठाऊक नव्हते. पण प्रश्न मात्र अगदी बरोबर होता.