रेडिओवरील निवेदकाची विश्वासार्हता

अमेरिकन फुटबॉल हातांत चेंडू घेऊन धावण्याचा खेळ आहे. तेथील कॉलेजांच्या सामन्यांचे रेडिओवर वर्णन करणारा स्थानिक निवेदक स्वसंघाचा अभिमानी असल्यास त्याचे बोल खरे मानावेत काय, हा श्रोत्यांतील जुना वाद आहे. १९६६ ते २००८ पर्यंत जॉर्जिया विद्यापीठाच्या सामन्यांचे वर्णन करणारे लॅरी मन्सन त्या संघास उघडपणे ‘आपण’ म्हणत. १९८० साली लिंडसे स्कॉटने ९३ यार्डांच्या खेळीने फ्लोरिडाचा पराभव घडविला, तेव्हा त्यांच्या आनंदास सीमा उरली नाही. परंतु उघड प्रेमाने कोणी फसत नाही. याउलट, देशभर ऐकले जाणारे बिल स्टर्न धावणाऱ्याचे नाव चुकले की, त्याने चेंडू दुसऱ्याकडे फेकला, असे रचून सांगत. विद्यार्थिमित्रहो, आम्हांस पक्षपात क्षम्य वाटतो, बनावट नव्हे. न पाहणाऱ्यास ती पडताळता येत नाही.