राउटरची थरथर आणि झीज

राउटरचे बिट मिनिटाला 18,000 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 300. ते मध्यावरून केसभर जरी सरकले, तरी दोन पात्यांपैकी एकच पाते बहुतेक लाकूड खाते आणि दुसरे नुसते घासते. खाणारे पाते लवकर बोथट होते, बोथट पात्याला जोर जास्त लागतो, तो बेअरिंगवर जातो आणि बेअरिंग ढिले पडले की थरथर आणखी वाढते.

दोष शोधताना सुरुवात कोलेटपासून, म्हणजे बिट धरणाऱ्या चिरांच्या नळीपासून करावी. बेअरिंग बदलण्याची घाई बहुधा वाया जाते. कोलेटच्या चिरांत डिंक आणि बारीक भुसा साचतो, त्यामुळे बिटाची शँक (दांडा) तिरकी धरली जाते. चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्यासारख्या गावी पावसाळी दमट हवेत त्यावर गंजही चढतो. पितळी ब्रशने तो भाग साफ करावा. शँक तळाला टेकवून दोन-तीन मिलिमीटर वर घ्यावी, मगच नट आवळावा. बिट नसताना नट कधीही आवळू नये; कोलेट कायमचे दबते. कोलेट हा झिजणारा सुटा भाग आहे, तो वेळेवर बदलणेच स्वस्त पडते.

तरीही थरथर राहिली तर वीज तोडून शँकेला डायल गेज लावावा आणि स्पिंडल हाताने फिरवावा. काट्याचा एकूण फरक मध्य सरकल्याच्या दुप्पट दिसतो. कोलेट अर्धा फेरा वळवून पुन्हा मोजावे. उंच जागा कोलेटबरोबर सरकली तर दोष कोलेटचा. जागेवर राहिली तर स्पिंडलचा, मग बेअरिंग उघडायला हरकत नाही.

सीएनसी मशीनवर राउटर वाहणारा गाडाही तपासावा. गेजचे बूड टेबलावर पक्के करून राउटर हाताने ढकलावा. काटा सरकून तिथेच थांबला तर चाकांत किंवा गाइडमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. सोडल्यावर परत आला तर गाडाच लवचिक आहे. पहिल्या दोषाला चाकांची नीट जुळणी पुरते, दुसऱ्याला जाड प्लेट आणि कमी खोलीचे कट लागतात.

सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादाची धार त्यावर टिकत नाही. कार्बाइडची बिटे वापरावीत. सागाचा भुसा उघड्या गाइडवरच्या दाट ग्रीसमध्ये मिसळला की घासकामाची लेई तयार होते. उघडे गाइड रोज काम संपताना पुसून त्यावर पातळ तेलाचा हलका हात फिरवावा, आणि भुसा ओढणारी नळी बिटाच्या अगदी जवळ ठेवावी.