मोटारीच्या चाकांचा समतोल

मध्यमवर्गीय कुटुंबांत मोटार ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. वृद्ध माणसांना डॉक्टरांकडे न्यावयाचें, लग्नामुंजीला परगांवीं जावयाचें, सुटींत मुलांना कोंकण दाखवावयाचें, या सर्व कामांना ती लागते. परंतु ज्या वाहनावर आपण घरांतील लहानथोरांचे प्राण सोंपवितों, त्याविषयींची आपली माहिती बहुधा पेट्रोलच्या भावापलीकडे जात नाहीं. तेल बदलण्याची तारीख आपण लिहून ठेवितों, विम्याचा हप्ता चुकवीत नाहीं. पण चाकांचा समतोल, म्हणजे ज्याला गॅरेजवाले ‘बॅलन्सिंग’ म्हणतात तो, केव्हां तपासून घ्यावा असें कोणी विचारलें तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येते. आमच्या घरीं ती आली होती, आणि तिची आठवण फारशी सुखाची नाहीं.

पुतणीच्या साखरपुड्यासाठीं आम्ही पुण्याहून कोल्हापुरास निघालों होतों. पुढें दादा गाडी हांकीत होते व त्यांच्या शेजारीं मी. मागें वहिनी, पुतणी आणि ऐंशी वर्षांच्या आमच्या काकू. पंधरा दिवसांपूर्वी पुढच्या डाव्या चाकाचा टायर रिमवरून उतरवून त्याला आंतून ठिगळ लावलें होतें. त्या वेळीं दुकानदारानें समतोल करून घेण्याविषयीं सुचविलें. धाकट्या भावानेंही तेंच सांगितलें. पण “गाडी चालते आहे ना? मग हा उगाच खर्च कशाला?” असें म्हणून दादांनीं विषय मिटविला. शहरांतल्या गर्दींत गाडीचा वेग चाळिसाच्या वर जात नाहीं, त्यामुळें तेथें कांहींच जाणवलें नाहीं. महामार्गावर वेग ऐंशीच्या पुढें गेला मात्र, दादांच्या हातांतील स्टिअरिंग थरथरूं लागलें. प्रथम रस्त्यास दोष दिला. परंतु रस्ता गुळगुळीत लागला तरी थरथर थांबेना. वेग साठावर आणला कीं ती नाहींशी होई, वाढविला कीं परत येई. मागून काकूंनीं विचारलें, “अरे, गाडीला हींव भरलें आहे का?” आम्ही सर्व हसलों; दादा मात्र हसले नाहींत.

साताऱ्याजवळ एका कारागिरानें चाक काढून यंत्रावर चढविलें. रिमच्या आंतल्या बाजूस पूर्वी चिकटविलेलें वजन गळून पडलें होतें व त्याचा नुसता डाग शिल्लक होता. यंत्रानें ३० ग्रॅमांची उणीव दाखविली. तेवढी पट्टी बसविली आणि थोड्याच वेळांत आम्ही वाटेला लागलों. पुढें कोल्हापुरापर्यंत स्टिअरिंग शांत होतें. दादाही शांतच होते.

तीस ग्रॅमांचा प्रताप

एवढ्याशा वजनानें एवढी मोठी गाडी कशी कांपते, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. टायर रबराच्या व तारांच्या अनेक थरांचा बनलेला असतो, आणि कितीही काळजीनें घडविला तरी त्याचें वजन सर्व बाजूंनीं तंतोतंत सारखें उतरत नाहीं. म्हणून रिमला लहान लहान वजनें लावून ती उणीव भरून काढतात. शेतकरी गोफणींत धोंडा घालून फिरवितो तेव्हां त्याच्या हाताला धोंड्याची ओढ बसते. गोफण जसजशी जलद फिरेल तसतशी ती ओढ वाढते. चाकाच्या एका बाजूस अधिक असलेलें वजन आंसाला अशीच ओढ देत असतें. शिवाय ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला कीं ओढ चौपट होते.

आंसापासून २० सेंटिमीटरांवर ३० ग्रॅम वजन अधिक आहे आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे असें धरूं. ताशीं ४५ किलोमीटर वेगास त्याची ओढ सुमारें एक किलोग्रॅम वजनाइतकी होते. ९० किलोमीटरांस ती सवाचार किलोग्रॅमांवर जाते, आणि १२० किलोमीटरांस साडेसातांवर. ९० च्या वेगानें असें चाक एका सेकंदांत तेरा फेऱ्यांहून अधिक फिरतें, म्हणजे तितक्या वेळां ही ओढ आंसाला हिसके देते. झोपाळ्याला त्याच्या तालावर धक्का दिला म्हणजे झोंका वाढत जातो, त्याचप्रमाणें विशिष्ट वेगास हे हिसके गाडीच्या स्वाभाविक कंपनाशीं जुळतात आणि थरथर एकदम जाणवूं लागते. घरांतील धुलाई-यंत्रांत ओली चादर एका बाजूस गोळा झाली म्हणजे तें कसें आदळूं लागतें हें आमच्या वाचक-भगिनींनीं पाहिलेंच असेल. दोहोंचें कारण एकच आहे.

पुढच्या चाकांतील दोष बहुधा स्टिअरिंगमध्यें जाणवतो, मागच्या चाकांतील दोष आसनांत व तळाशीं. त्याकडे दुर्लक्ष केल्यास टायर ठिकठिकाणीं खळगे पडल्यासारखा झिजतो, चाकाच्या बेअरिंगांवर व सांध्यांवर ताण येतो, आणि लांबच्या प्रवासांत हांकणाराचे हात व मन दोन्ही थकतात. मात्र समतोल केला म्हणजे टायर फुटण्याची भीति सरली, असें कोणी समजूं नये. टायर फुटतो तो मुख्यत्वें कमी हवा, अति भार, उष्णता आणि जुनें झालेलें रबर यांमुळें. हवेचा दाब महिन्यांतून एकदां व प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी टायर थंड असतांना पाहावा, हा नियम समतोलापेक्षांही महत्त्वाचा आहे.

किती दिवसांनीं करावें?

नवा टायर बसवितांना समतोल करावाच. कोणत्याही कारणानें टायर रिमवरून उतरविला तर पुन्हां करावा. आमची चूक येथेंच झाली. चाक मोठ्या खड्ड्यांत जोरानें आदळलें, वजन गळून पडलेलें दिसलें, किंवा ठराविक वेगास थरथर होऊं लागली, तर वाट पाहूं नये. यांपैकीं कांहींच घडलें नाहीं तरी साधारणतः ८ ते १० हजार किलोमीटरांनीं, पुढच्या-मागच्या चाकांची अदलाबदल करितांना, समतोल तपासून घ्यावा. टायर झिजतो तसें त्याचें वजनही बदलत जातें, हें त्याचें कारण.

याच्या उलट, दर महिन्यास गॅरेजवाला सांगतो म्हणून पैसे मोजण्याचेंही कारण नाहीं. पावसाळ्यांत कोंकणांतून परत आल्यावर गाडी थरथरली तर प्रथम चाकें आंतून धुवावीं. रिममध्यें सुकलेला चिखल हाच पुष्कळदां अपराधी असतो. गाडी अनेक दिवस एकाच जागीं उभी असल्यास टायर खालून किंचित् चपटा होतो. थोडें अंतर चालल्यावर तो बहुधा पूर्ववत् होतो. केवळ ब्रेक दाबतांनाच थरथर होत असेल तर दोष ब्रेकमध्यें शोधावा. समतोल करूनही थरथर राहिली तर रिम वांकली आहे काय किंवा टायरला फुगवटा आला आहे काय, तें पाहावें.

आणखी एक गोंधळ नेहमीं होतो. ‘अलाइनमेंट’ म्हणजे चाकांची दिशा व कोन जुळविणें. तें काम निराळें. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढत असेल, किंवा टायरची एकच कड झिजत असेल, तर अलाइनमेंट पाहावें. थरथर असेल तर समतोल. दुकानांत जाण्यापूर्वी एवढा भेद ठाऊक असला तरी नको तो खर्च टळतो.

ही वजनें पूर्वी सर्रास शिशाचीं असत. रस्त्यावर पडून झिजलेलें शिसें माती-पाण्यांत मिसळतें, म्हणून युरोपीय संघानें नव्या मोटारींना तीं लावण्यास २००५ सालीं बंदी केली. आतां जस्ताचीं व पोलादाचीं वजनें मिळतात. पर्याय असल्यास तींच मागावीं, आणि गळलेलें शिशाचें वजन मुलांच्या हातीं खेळावयास देऊं नये.

नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गाची ७०१ किलोमीटरांची संपूर्ण वाट २०२५ सालीं खुली झाली. अशा रस्त्यांवर पूर्वी क्वचित् गांठला जाणारा वेग तासन् तास टिकून राहतो, आणि शहरांत लपून राहिलेला दोष तेथें उघडा पडतो. तो घरापासून दूर उघडा पडण्यापेक्षां निघण्यापूर्वीच सांपडलेला बरा.

कोल्हापुराहून परतल्यावर दादांनीं गाडीच्या वहींत ‘चाकें’ असें एक नवें पान घातलें. त्याच्या पहिल्या ओळींत तारीख आणि किलोमीटरांचा आंकडा आहे. शेजारीं साताऱ्याच्या कारागिरास दिलेली रक्कम आहे. ती त्या दिवशींच्या चहाफराळाच्या खर्चाहूनही कमी भरली, हें काकूंनीं मोठ्यानें वाचून दाखविलें. या खेपेस मात्र दादाही हसले.