रत्नांच्या धंद्यात टिकतो कोण? पारख, जांगड आणि फुटलेलं एक माणिक



गेल्या महिन्यात इचलकरंजीहून बाप-लेक दुकानात आले. काकांनी सूतगिरणीत आयुष्य काढलेलं, मुलगा बी.कॉम. झालेला. पाणी पिऊन झाल्यावर काका थेट मुद्द्यावर आले. "सर, पोराला राशीच्या खड्यांचं दुकान घालायचंय. माझ्या फंडाचं तीन लाख हाईत. घालू का नको, तेवढं सांगा." मुलाने मोबाइल पुढे केला. जयपूरच्या कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर लॉटचे फोटो पाठवले होते. पाचू, पुष्कराज, नीलम, सगळं चकचकीत. खाली मेसेज: पूर्ण लॉट उचला, दुप्पट नफा.

मी हो किंवा नाही म्हणालो नाही. कपाटातून एक जुनी पुडी काढली आणि त्यांच्यासमोर पांढऱ्या कागदावर ठेवली. आत एक माणिक आहे. लाल रंग आहे, पण वरून पांढऱ्या शिरा पडल्यात, जणू कोणी नखाने ओरखडलंय. या खड्याची गोष्ट मी आजवर व्हिडिओत सांगितली नव्हती, कारण ती माझ्याच चुकीची आहे.

दुकान सुरू करून मला दोन वर्षं झाली होती. एका दलालाच्या ओळखीने बाहेरच्या व्यापाऱ्याकडून माणकांचा छोटा लॉट घेतला. अकरा नग. रंग असा की बघतच राहावं, आणि भाव माझ्या खिशात बसणारा. सोबत सर्टिफिकेट होतं, त्यावर पहिल्याच ओळीत 'नॅचरल' लिहिलेलं. मी तेवढंच वाचलं. चार महिन्यांत पाच नग विकले. मग एका शिक्षिका ताईंनी त्यांची अंगठी सैल करायला दुसऱ्या सोनाराकडे दिली. त्याने नेहमीप्रमाणे आच दिली, तेजाबात टाकली, आणि खडा बाहेर आला तो असा. ताई दुकानात आल्या, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "दादा, हा खरा आहे असं तुम्ही सांगितलं होतं."

खडा खोटा नव्हता, हीच तर गंमत. ते खाणीतलंच माणिक होतं, पण अगदी हलक्या प्रतीचं, भेगांनी भरलेलं. त्या भेगांत शिशाची काच भरून ते स्वच्छ केलेलं. 2004 च्या आसपासपासून असा माल बाजारात भरपूर आला. ही काच सोनाराची आच सोसत नाही, तेजाब तर दूरच, लिंबाच्या रसानेसुद्धा खराब होते. सर्टिफिकेटवर खाली 'कमेंट' च्या रकान्यात हे स्पष्ट लिहिलेलं होतं. माझी नजर तिथवर गेली नव्हती.

मी व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "इस भाव में क्या समझ के लिया था?" आणि खरं सांगू, त्या एका वाक्यात तो बरोबर होता. त्या रंगाचं, तेवढ्या वजनाचं माणिक त्या भावात मिळूच शकत नाही, हे मला कळायला हवं होतं. तो चूक होता ते पुढच्या वाक्यात, जिथे त्याने माल परत घ्यायला नकार दिला.

ताईंचे पैसे परत दिले. मग उरलेल्या चार गिऱ्हाइकांना मी स्वतःहून फोन केले. त्यातल्या तिघांना काहीच कळलं नव्हतं, कदाचित कधीच कळलं नसतं. बायको म्हणाली, जाऊ दे ना. पण अंगठी पुन्हा कधीतरी सोनाराकडे जाणारच की! एकूण 61 हजार रुपये गेले. त्या महिन्यात दुकानाचं भाडं उसने पैसे घेऊन भरलं. चौघांपैकी दोघं पुढे पुन्हा आले. एक कधीच आला नाही, आणि चौथ्याने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

मग पारख येते कुठून?

आधी नावांपासून सुरुवात करा. शब्दकोशात पुष्कराज म्हणजे टोपाझ असं सापडेल. बाजारात मात्र पुष्कराज म्हणजे पिवळा सफायर, नीलमाचाच सख्खा भाऊ. आणि पुष्कराजाच्या नावाखाली सगळ्यात जास्त खपवला जातो तो सुनेला. तो स्फटिकाच्या जातीतला, किंमत किती तरी पट कमी. दिसायला नवख्याला सारखेच. पण एकाच आकाराचे दोन खडे हातात घ्या. सफायर पाण्याच्या चौपट जड असतो, सुनेला जेमतेम पावणेतीन पट. रोज दोन्ही तळहातावर घेत राहिलात तर तीन महिन्यांत हात बोलायला लागतो.

10 पट मोठं दाखवणारी आयग्लास घ्या. काच भरलेल्या माणकात तिच्यातून बुडबुडे दिसतात, खडा फिरवला की भेगेवर निळसर झाक चमकते. मला त्या वेळी हे माहीत असतं तर! आणि माल बघायचा तो दिवसाच्या उजेडात. पिवळ्या दिव्याखाली माणिक आहे त्यापेक्षा सुंदर दिसतं. हॉटेलच्या खोलीत रात्री आठ वाजता कोणी पुडी उघडून दाखवत असेल तर चहा प्या आणि सकाळी या म्हणा. रंगीत अस्तराच्या पुडीतून खडा बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवायचा, हेही विसरू नका.

जमत असेल तर शिका. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि जीआयए दोन्हीकडे रत्नपरीक्षेचे कोर्स आहेत. मी बीबीए केलं, तिथे बॅलन्स शीट शिकलो, पण खडा शिकलो तो पैसे घालवून. कोर्सची फी त्यापेक्षा कमी पडली असती.

लॅबचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. 'नॅचरल' म्हणजे फक्त जमिनीतून निघालेला. त्यावर पुढे काय केलंय ते वेगळं लिहिलेलं असतं. माणिक आणि नीलम तापवणं ही बाजारात मान्य गोष्ट आहे, पण न तापवलेल्याचा भाव वेगळा. पाचूच्या भेगांत तेल भरण्याची पद्धत फार जुनी. तेल थोडं की भरपूर, यावर किंमत कुठल्या कुठे जाते. म्हणूनच पाचू कधी अल्ट्रासोनिक मशीनमध्ये धुवायचा नाही, तेल निघून आतल्या भेगा उघड्या पडतात. हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगा. नंतर सांगितलं की ते निमित्त वाटतं.

सव्वापाच रत्ती म्हणजे नक्की किती?

काउंटरवर रोज ऐकू येणारं वाक्य: "गुरुजींनी सव्वापाच रत्तीचा पुष्कराज सांगितलाय." आता हिशेब बघा. रत्नांच्या बाजारातली रत्ती म्हणजे साधारण 182 मिलिग्रॅम, 0.91 कॅरेट. सोनाराची जुनी रत्ती 121.5 मिलिग्रॅमची, 96 रत्तीचा एक तोळा होतो ती. पहिल्या मापाने सव्वापाच रत्ती म्हणजे 4.78 कॅरेट, दुसऱ्या मापाने 3.19. भाव कॅरेटला हजार रुपये धरला तरी दीड हजाराच्या वर फरक पडतो. तुम्ही कॅरेटने खरेदी केली आणि गिऱ्हाइकाशी रत्तीत बोललात, तर कोणती रत्ती ते बोललंच पाहिजे. मी बिलावर कॅरेट आणि ग्रॅम दोन्ही लिहितो, आणि काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवतो.

भांडवल कमी असेल तर जांगड समजून घ्या

इथे काकांच्या तीन लाखांचा प्रश्न येतो. जयपूरचा जोहरी बाजार असो की मुंबईचा झवेरी बाजार, हा धंदा पिढ्यान् पिढ्या जांगडवर चाललाय. जांगड म्हणजे माल विक्रीसाठी विश्वासाने ताब्यात घेणं. चिठ्ठीवर नग, वजन, भाव आणि परतीची मुदत लिहिली जाते. विकला तर पैसे द्यायचे, नाही विकला तर त्याच वजनाचा माल परत. तोवर माल मालकाचाच, तुम्ही फक्त सांभाळणारे. जीएसटीतही त्याची सोय आहे. पसंतीसाठी पाठवलेल्या मालाचं बिल सहा महिन्यांच्या आत झालं पाहिजे, नाहीतर माल परत गेला पाहिजे.

पण जांगड मिळतो तो ओळखीवर. नवख्याला पहिल्या दिवशी कोणी देत नाही, आणि द्यायलाही नको! सुरुवातीला रोखीत थोडा माल घ्या, बिल वेळेत भरा. एकदा जरी नग बदलून परत गेला किंवा फोन उचलायचा बंद केलात, तरी संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळतं. या बाजारात तुमचं नाव हाच तुमचा सिबिल स्कोअर.

आता माल कोणता घ्यायचा? मुलाला महागडे खडे खुणावत होते. मी त्याला कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. एक खडा 60 हजाराला घेतला, दीड वर्षाने 90 हजाराला विकला, नफा 30 हजार. दुसरीकडे 6 हजाराचा खडा 8 हजाराला विकला, पुन्हा तेवढ्याचाच आणला, वर्षात चार वेळा. नफा 8 हजार, तोही फक्त 6 हजार गुंतवून. असे दहा खडे फिरवलेत तर तेच 60 हजार वर्षाला 80 हजार देतात. खर्च वेगळा, आणि प्रत्येक खडा वर्षात चार वेळा फिरेलच असं नाही, हे मान्य. पण मोठा खडा तिजोरीत बसला की भाडं, लाइट बिल, पगार थांबत नाहीत. माझ्या दुकानात मोती, पोवळं, गोमेद हेच रोजची चूल पेटवतात. मोठा पुष्कराज गिऱ्हाईक ठरल्यावर जांगडवर मागवतो.

खडा विका, आश्वासन नको

यावर काही लोक नाराज होतील. राशीचे खडे मी विकतो, गिऱ्हाइकाच्या श्रद्धेची थट्टा करत नाही. पण "हा घातला की लग्न जमतंय", "शुगर कमी होते" असं माझ्या काउंटरवर कोणी बोलायचं नाही. आजकाल रील्समध्ये सर्रास बोलतात. 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा माहीत करून घ्या. आजार बरा करण्याच्या दाव्याने ताईत, मंत्र, कवच अशा गोष्टींची जाहिरात करणं हा त्यात गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आश्वासनावर विकलेला खडा फळ मिळालं नाही की परत येतो. खडा म्हणून विकलेला खडा सहसा परत येत नाही.

रोखीचंही तसंच. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, 2017 पासून बंदी आहे. दोन लाखांवरच्या विक्रीला गिऱ्हाइकाचा पॅन घ्यावा लागतो. "बिल नको, थोडं कमी करा" म्हणणारा रोज भेटेल. बिल नसेल तर उद्या त्याने दुसराच खडा आणून तुमचा म्हणून समोर ठेवला, तर तुम्ही काय दाखवणार?

तर बाप-लेक. सगळं ऐकून काका थोडे हिरमुसले. "म्हंजे न्हाईच घालायचं म्हणा की!" मी म्हटलं, काका, घालायचं, पण तीन लाख आधी एफडीत ठेवा. मुलाला सहा महिने माझ्या काउंटरवर पाठवा. पगार देणार नाही, फी घेणार नाही. नंतर 40 हजारांचा माल घेऊन द्यायला मी स्वतः सोबत येतो.

जयपूरच्या त्या नंबरला मुलाने माझ्यासमोर मेसेज केला: दोन नग आधी लॅबला पाठवतो, रिपोर्ट आला की लॉट घेतो. निळ्या टिका आल्या, उत्तर अजून आलेलं नाही.

मुलगा आता दर शनिवारी पहिल्या एसटीने येतो. मागच्या शनिवारी बारा खड्यांतून त्याने सुनेला न चुकता वेगळा काढला. काच भरलेल्या माणकाला मात्र दोनदा फसला. आयग्लास डोळ्याला कशी लावायची आणि खडा चिमट्यात कसा फिरवायचा, हे त्याच्यासोबतच शूट करतोय. पुढच्या रविवारच्या व्हिडिओत बघा.