पॅकेज खरं कशावरून?

यवतमाळ किंवा पुसदच्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकणारी एखादी मुलगी डेबियन लिनक्सवर ‘ॲप्ट इन्स्टॉल’ असं टाइप करते आणि पुढे ‘फॉन्ट्स-लोहित-देव-मराठी’ हे नाव घालते. काही सेकंदांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असलेला फॉन्ट तिच्या संगणकावर बसतो. हा फॉन्ट तिने ज्या सर्व्हरवरून घेतला, तो कोण चालवतं हे तिला ठाऊक नाही. तरीही वाटेत त्यात कुणी काही घुसवलेलं नाही, असं तिचा संगणक ठामपणे सांगू शकतो.

असं संगणकावर बसवायला तयार बांधलेलं सॉफ्टवेअर म्हणजे पॅकेज, आणि ही खात्री येते पॅकेज भांडाराच्या हिशेबातून. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेजेस आहेत. जगभरातले स्वयंसेवक ती सांभाळतात. एवढ्या मालाची आवक-जावक ‘डाक’ नावाची प्रणाली बघते. ती पायथॉनमध्ये लिहिलेली आहे आणि तिची सगळी नोंद पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये राहते.

पॅकेज पाठवणारा त्यावर डिजिटल सही करतो. ती सही अधिकृत यादीतल्या माणसाची आहे का, फाइलचे चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, जुळतात का, आवृत्ती आधीच्यापेक्षा पुढची आहे का, हे डाक तपासते. पॅकेजचं नाव भांडारात पहिल्यांदाच येत असेल, तर मात्र यंत्रावर भागत नाही. ते ‘न्यू’ रांगेत थांबतं आणि भांडाराच्या चमूतला माणूस त्याचा परवाना आणि कॉपीराइट वाचून काढतो. इथे कधी कधी फार वाट पाहावी लागते आणि लोक वैतागतात. पण मला हा थांबा आवश्यक वाटतो. जे फुकट वाटायचं, ते वाटण्याचा हक्क आपल्याला आहे का, हे एकदा तरी माणसाने बघायलाच हवं.

पुढचं काम याद्यांचं. जिनिंग-प्रेसिंगमधून निघणाऱ्या कापसाच्या गाठीवर नंबर आणि वजन असतं, तशी प्रत्येक पॅकेजची नोंद ‘पॅकेजेस’ या यादीत होते: नाव, आवृत्ती, आकार, चेकसम. या याद्यांचे चेकसम ‘रिलीज’ नावाच्या फाइलमध्ये जातात आणि त्या एकाच फाइलवर भांडाराची सही होते. त्यामुळे माल कुठल्याही मिररवरून, म्हणजे भांडाराची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, आला तरी चालतं. एक बाइट बदलला, तरी साखळी तुटते आणि ॲप्ट तो माल नाकारतो.

या साखळीची मर्यादाही समजून घ्यायला हवी. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या साध्या कॉम्प्रेशन प्रकल्पात लपवलेलं चोरदार सापडलं. प्रकल्पात दोनेक वर्षं काम करून विश्वास मिळवलेल्या माणसानेच ते बसवलं होतं. डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आणि ‘टेस्टिंग’ शाखांत ते रीतसर सह्यांनिशी पोचलंही. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खोदून काढलं, म्हणून ते उघडकीला आलं. ‘स्टेबल’ शाखा बचावली, कारण तिथे नवा माल सहजी शिरत नाही. सही सांगते की माल कुणाकडून आला. त्या माणसाची नियत ती सांगत नाही.

हे सगळं दूरच्या सर्व्हरवरच चालतं असं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांनी ते स्वतः करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं. सुरुवात ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ने करावी. लॅबमधल्या पहिल्या संगणकाने पॅकेज उतरवलं की बाकीच्यांना ते तिथल्या तिथे मिळतं, आणि मूळ सही शाबूत असल्याने तपासणी प्रत्येक संगणकावर होतेच. पुढची पायरी स्वतःच्या भांडाराची. मुलांनी बनवलेली मोजकी पॅकेजेस ठेवायला ‘रेप्रेप्रो’ पुरतं. ‘ॲप्टली’ त्याहून कामाचं आहे. बाहेरच्या भांडाराची प्रत घ्यायची, त्या दिवसाच्या स्थितीचा स्नॅपशॉट गोठवायचा आणि तोच लॅबला द्यायचा. परीक्षेच्या आठवड्यात नव्या आवृत्तीने काही बिघडवलं, तर एका आदेशात भांडार जुन्या स्नॅपशॉटवर परत नेता येतं.

स्वतःचं भांडार म्हणजे सहीची किल्लीही स्वतःची. तिचा सार्वजनिक भाग लॅबच्या प्रत्येक संगणकावर बसवायचा. खासगी भाग मुलांच्या वापरातल्या संगणकावर ठेवायचा नाही. तो कुणाच्या ताब्यात राहील आणि ती व्यक्ती बदलून गेली तर पुढे कुणाकडे जाईल, हे पहिलं पॅकेज टाकण्याआधीच लिहून ठेवावं.