पडली तर उचलता येईल ना?

लडाखचे व्हिडिओ बघून बाइक ठरवली असेल, तर जरा थांबा. लडाखला आयुष्यात एकदा जाल, फार तर दोनदा. बाकीचे दिवस गाडी पळणार आहे ती साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढत, नाहीतर सांगलीहून पेठ नाक्याकडे. मग निवडायची तीही याच रस्त्यांसाठी. आणि आपलं नशीब चांगलं, या दोन जिल्ह्यांत सगळं मिळतं. पुणे-बंगळुरू हायवे आहे, खंबाटकी आणि कुंभार्लीसारखे घाट आहेत, बामणोलीकडचा धो धो पाऊस आहे आणि माण-खटाव, जत-आटपाडीचे खडकाळ माळही आहेत.

शोरूममध्ये गेलं की आपण आधी सीसी विचारतो. मित्रही तेच विचारतात. पण लांबच्या प्रवासाला आणि अधूनमधून कच्च्या रस्त्याला जायचं असेल, तर पहिला प्रश्न वजनाचा. हिमालयन ४५० साधारण १९६ किलोची आहे. हीरोची एक्सपल्स २१० सुमारे १६८ किलोची, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्सही त्याच्याच आसपास. कागदावर फरक तीसेक किलोचा. आता त्यात सॅडल बॅग, भिजलेला तंबू आणि दिवसभराचा थकवा मिळवा. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडच्या मुरमाड चढावर गाडी आडवी झाली आणि सोबत कोणी नसलं, की ते तीस किलो काय असतात ते कळतं. कच्च्या रस्त्यावर गाडी पडतेच, सगळ्यांची पडते. प्रश्न एवढाच, की ती तुम्हाला एकट्याला उभी करता येते का.

उचलायची पण पद्धत आहे. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. स्टँडच्या बाजूला पडली नसेल तर स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. मग गाडीकडे पाठ करायची, कंबर सीटला टेकवायची, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची फ्रेम धरायची आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उभं राहायचं. वाकून पाठीने उचलायला गेलात तर ट्रिप तिथंच संपली. गाडी घेण्याआधी मित्राच्या गाडीवर, खाली जुनी गादी टाकून हे एकदा करून बघा. मित्र तयार झाला तर!

दुसरी गोष्ट सीटची उंची. हिमालयन ४५० ची ८२५ मिलिमीटर, एक्सपल्स २१० ची ८३०, जुन्या हिमालयन ४११ ची ८००. सपाट फरशीवर चवडे टेकले म्हणजे झालं असं नाही. रस्ता एका बाजूला उतरता असला की त्या बाजूचा पाय हवेतच राहतो. म्हणून बूट घालून, मागे कुणाला तरी बसवून बघा.

आता आपल्या मातीबद्दल. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात काय करते हे सांगलीकरांना सांगायला नको. ती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. त्यामुळे पुढचं मडगार्ड चाकापासून किती वर आहे ते बघा, ते नुसतं स्टाइलसाठी नसतं. तशी आपल्याकडे खरी ऑफरोडिंग केली ती एम-८० ला दुधाचे कॅन लावून डेअरी गाठणाऱ्यांनी. त्यांनी कधी ग्राउंड क्लिअरन्स विचारला नाही. गाडी हलकी होती आणि कुठल्याही गॅरेजला दुरुस्त व्हायची.

पुढचं चाक २१ इंची असेल तर ते दगडगोट्यांवरून सहज चढतं. एक्सपल्स आणि हिमालयनला ते आहे. व्ही-स्ट्रॉमला १९ इंची अलॉय आणि ट्यूबलेस टायर आहेत. डांबरावर ते छान, पंक्चर आपलं आपल्याला काढता येतं. पण मोठ्या खड्ड्यात अलॉय तडकू शकतं, तारांचं चाक वाकलं तरी ठोकून सरळ करता येतं. ट्यूबचं पंक्चर काढायला मात्र चाक खोलावं लागतं. आपल्या वापरात डांबर किती आणि खडी किती, त्यावर हे ठरवा.

मोठं इंजिन वाईट असं मी म्हणत नाहीये. मागे मित्र आणि सामान घेऊन खंबाटकी चढताना ट्रकला ओव्हरटेक करायचं असेल, तर हिमालयनचा ४० न्यूटन मीटरचा टॉर्क आणि एक्सपल्स २१० चा त्याच्या निम्मा, हा फरक मनगटाला जाणवतो. रोज हायवे आणि वर्षातून दोनदा कच्चा रस्ता असेल तर ४५० घ्या. पण हप्ता कोण भरणार? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. हातातल्या पैशात लहान गाडी घेतली तर चांगलं हेल्मेट, रायडिंग जॅकेट आणि गुडघ्याचे गार्ड त्यातच बसतात. हे नंतर घेऊ म्हणणारे सहसा घेत नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात रात्री दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर बिनदिव्याचा समोर येतो, तेव्हा टॉर्क कामी येत नाही.

आणि ऑफरोड म्हणजे कासचा सडा नव्हे. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथल्या खडकावर मातीचा जेमतेम थर असतो, त्यातच ती फुलं येतात आणि एका रीलसाठी फिरवलेलं चाक तो थर खरवडून नेतं. कोयना-चांदोलीचं जंगल व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथंही परवानगीशिवाय गाडी घालायची नाही. गावांना जोडणारे कच्चे रस्ते, घाटातले जुने वळणरस्ते भरपूर आहेत.

बजेट कमी असेल तर सेकंडहँड बघा, ४११ हिमालयन बाजारात बऱ्याच मिळतात. घेताना टाकीची चमक बघू नका. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मधे अडकलं तर कोनसेट गेलाय. चाक फिरवून रिम डगमगते का बघा, फोर्कला तेल सुटलंय का बोट लावून बघा. मग खाली वाका आणि इंजिनाखालच्या पत्र्यावर किती ठोके पडलेत ते मोजा. मालक म्हणेल, "गाडी फक्त कॉलेजला वापरली."