कलाम यांच्याविषयी जे खरे नाही ते

लोकप्रिय पुरुषाच्या चरित्रावर त्याच्या हयातीतच आख्यायिकांची पुटे चढू लागतात आणि मृत्यूनंतर तर ती इतकी दाट होतात की मूळ माणूस शोधून काढणे हे चरित्रकारापेक्षा उत्खनन करणाऱ्याचे काम होऊन बसते. भारताचे अकरावे राष्ट्रपती अवुल पकीर जैनुलाब्दीन अब्दुल कलाम यांच्या वाट्याला हे जितके आले तितके आपल्या काळातील अन्य कोणा शास्त्रज्ञाच्या वाट्याला आले नसेल. भक्तिभावाला आमची हरकत नाही. परंतु भक्तीच्या भरात आपण त्यांना न केलेल्या कामांचे श्रेय देतो आणि केलेल्या कामांचे स्वरूप विसरतो, याला मात्र हरकत घ्यावीच लागते.

सर्वांत रूढ समज असा की कलाम हे अणुशास्त्रज्ञ होते आणि भारताचा अणुबाँब त्यांनी बनविला. वस्तुतः तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांनी मद्रासमध्ये विमानविद्येचे अभियांत्रिकी शिक्षण घेतले, आणि पुढील साऱ्या सेवाकाळात त्यांचा विषय उड्डाण हाच राहिला : प्रथम विमाने, मग अग्निबाण, मग क्षेपणास्त्रे. १९७४ मध्ये पोखरण येथे पहिला अणुस्फोट झाला तेव्हा ते तिरुवनंतपुरम येथे उपग्रह प्रक्षेपकाच्या कामात गढलेले होते. त्या स्फोटाचे श्रेय होमी सेठना, राजा रामण्णा, पी. के. अय्यंगार, आर. चिदंबरम आणि त्यांच्या तुर्भे येथील सहकाऱ्यांचे. मे १९९८ च्या चाचण्यांच्या वेळी कलाम हे संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेचे प्रमुख होते, आणि त्या नात्याने चाचण्यांच्या सिद्धतेत त्यांचा मोठा वाटा होता, हे निर्विवाद आहे. परंतु अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद चिदंबरम यांच्याकडे व भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालकपद अनिल काकोडकर यांच्याकडे होते आणि स्फोटक गाभ्याचे भौतिकशास्त्र हे त्या केंद्राचे कार्य होते. लष्करी गणवेशातील कलामांचे छायाचित्र लोकांच्या मनावर ठसले आणि चिदंबरम यांचे नाव स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकापुरते उरले, यात कलामांचा दोष नाही; आपल्या स्मरणशक्तीचा आहे.

येथेच दोन किरकोळ गैरसमज निकालात काढावेत. त्यांच्या नावामागील ‘डॉक्टर’ ही उपाधी अनेक विद्यापीठांनी सन्मानार्थ दिलेली होती. प्रबंध लिहून त्यांनी ती संपादन केलेली नव्हती. तसेच ते ज्या ‘एमआयटी’चे विद्यार्थी होते ती संस्था अमेरिकेतील नव्हे, तर मद्रासच्या क्रोमपेट भागात १९४९ मध्ये स्थापन झालेली मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी होय. तिच्या प्रवेशशुल्कासाठी त्यांच्या भगिनी जोहरा यांनी आपले दागिने गहाण टाकले होते, ही कथा मात्र खरी आहे आणि स्वतः कलामांनीच ती सांगितलेली आहे.

तिच्या आधारे पुढे त्यांचे बालपण अठराविश्वे दारिद्र्यात गेले असे रंगविले जाते, ते त्यांच्याच कथनाशी जुळत नाही. रामेश्वरमच्या मशीद गल्लीत त्यांचे वाडवडिलांचे घर होते, ते चुनखडी व विटांचे, पक्के आणि बऱ्यापैकी प्रशस्त. वडील मशिदीचे इमाम होते, यात्रेकरूंची ने-आण करणारी नाव बाळगून होते आणि घरी रोज पंक्तीला बाहेरची माणसे असत. महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला आगगाडी थांबेनाशी झाली तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करण्याच्या कामी चुलतभावाला मदत करून त्यांनी पहिली कमाई केली, हेही खरे. पण ऐषआराम नसलेले घर आणि उपाशी घर यांत अंतर असते.

आता एकहाती पराक्रमाच्या समजाकडे वळू, कारण खरा कलाम येथेच सापडतो. एसएलव्ही-३ हा २२ मीटर उंचीचा, १७ टन वजनाचा चार टप्प्यांचा प्रक्षेपक. कलाम त्याचे प्रकल्प संचालक होते, एकमेव निर्माते नव्हते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथे त्याचे पहिले उड्डाण व्हावयाचे होते. उलटगणती चालू असता संगणकाने धोक्याची सूचना देऊन प्रक्षेपण रोखले. तज्ज्ञांनी हिशेब करून सांगितले की काळजीचे कारण नाही, आणि कलामांनी संगणकाला डावलून उड्डाणाचा हुकूम दिला. पहिला टप्पा सुरळीत पार पडला. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रणयंत्रणेच्या सदोष झडपेतून नायट्रिक आम्ल आधीच गळून गेल्यामुळे प्रक्षेपकावर ताबा राहिला नाही आणि थोड्याच मिनिटांत तो बंगालच्या उपसागरात कोसळला. पत्रकारांना सामोरे जाण्याची पाळी आली तेव्हा अवकाश संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पुढे झाले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली. १८ जुलै १९८० रोजी दुसऱ्या प्रक्षेपकाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला, तेव्हा त्याच धवनांनी पत्रपरिषद कलामांच्या हवाली केली. त्या समयी विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते आपले वसंत गोवारीकर. घन इंधनाच्या क्षेत्रातील त्यांच्या कामाचा उल्लेख मराठी भाषणांतही क्वचितच होतो, हे नवल म्हणावे लागेल.

१९८३ मध्ये मंजूर झालेल्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचीही तीच गोष्ट. पृथ्वी, अग्नी, आकाश, नाग आणि त्रिशूल या पाचांची योजना कलामांच्या नेतृत्वाखाली आखली गेली; पृथ्वी १९८८ मध्ये व अग्नी १९८९ मध्ये प्रथम झेपावले. परंतु पाचही एकसारखे फळाला आले नाहीत. नागला दशके लागली आणि त्रिशूल सैन्यात कधी दाखल झालेच नाही. प्रयोगशाळा, कारखाने, विद्यापीठे आणि लष्कर यांना एका वेळापत्रकाला बांधून काम करून घेणे ही कलामांची खरी विद्या होती, आणि आमच्या मते ती प्रयोगशाळेतील एखाद्या शोधापेक्षा आपल्या देशात अधिक दुर्मिळ आहे.

राष्ट्रपतिपदाकडे यावे तर तेथेही समजुतींचा बाजार मोठा. त्यांची निवड बिनविरोध झाली असे अनेक सुशिक्षित लोक सांगतात. बिनविरोध निवडून आलेले राष्ट्रपती एकच, १९७७ मधील नीलम संजीव रेड्डी. २००२ मध्ये कलामांविरुद्ध डाव्या पक्षांच्या उमेदवार म्हणून आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सेहगल उभ्या होत्या. मतमूल्य पडले ते कलामांना ९,२२,८८४ व सेहगल यांना १,०७,३६६. भारतरत्नही पदाबरोबर आलेले नव्हते, ते पाच वर्षे आधी, १९९७ मध्येच मिळालेले होते.

२००४ मध्ये कलामांनी सोनिया गांधींना पंतप्रधान होऊ दिले नाही, ही आख्यायिका तर विशेष चिवट. तिचा निरास कलामांनी स्वतःच ‘टर्निंग पॉइंट्स’ या २०१२ च्या पुस्तकात केला. विरोध करणारी पत्रे आपल्याकडे आली होती, तथापि सोनिया गांधींनी दावा केला असता तर नियुक्ती करण्यावाचून आपल्यापुढे पर्याय नव्हता. राष्ट्रपती भवनाने पत्र तयारही ठेवले होते आणि मनमोहन सिंग यांचे नाव पुढे आल्यावर ते नव्याने लिहावे लागले, असा त्यांचा स्पष्ट जबाब आहे. ज्याच्यावर विश्वास म्हणून ही कथा पसरविली जाते त्याचाच शब्द नामंजूर करावा, हा विचित्र न्याय आहे.

उलट ते केवळ मुलांना स्वप्ने वाटणारे राष्ट्रपती होते, हेही खरे नव्हे. मे २००५ मध्ये बिहार विधानसभा बरखास्त करण्याच्या शिफारशीवर त्यांनी मॉस्कोमध्ये असताना सही केली आणि ती उद्घोषणा सर्वोच्च न्यायालयाने पुढे घटनाबाह्य ठरविली. त्या वेळी आपण राजीनामा लिहून ठेवला होता, असे त्यांनीच नमूद केले आहे. पुढच्याच वर्षी लाभाच्या पदांविषयीचे विधेयक त्यांनी फेरविचारार्थ संसदेकडे परत पाठविले. संसदेने ते पुन्हा जसेच्या तसे संमत केल्यावर घटनेनुसार त्यांना त्यावर सही करावी लागली. पहिल्या प्रसंगी त्यांनी घाई केली, असे आमचे मत आहे. दुसऱ्या प्रसंगी ते पदाला शोभेल असे वागले.

शेवटी, भाषणांची टिपणे करणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. कलामांचा जन्मदिवस १५ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रसंघाने ‘जागतिक विद्यार्थी दिन’ म्हणून जाहीर केल्याचे दरवर्षी सांगितले जाते. राष्ट्रसंघाने तसा ठराव केलेला नाही. त्याच्या दिनदर्शिकेत ती तारीख ग्रामीण स्त्रियांसाठी राखलेली आहे. महाराष्ट्रात त्या दिवशी साजरा होणारा वाचन प्रेरणा दिन हा राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेला आहे, आणि तो तसाच सांगावा.